गंजाला सुतक नसतं

वसंता,

तू वाद अर्धवट टाकून गेलास. ही तुझी जुनी खोड. जिंकत असलास की मांडी ठोकून बसायचास आणि हरायला लागलास की "येतो दाजी, गॅसवर दूध ठेवलंय" म्हणून चपला शोधायचास. तुझ्या घरात दूध सुनंदावहिनी तापवतात हे सगळ्या अंबरपेठेला ठाऊक. पण या खेपेला तू फारच लांब गेलास, आणि चपलाही इथेच ठेवून गेलास.

आपल्या मराठी मंडळाचे लोक आले होते. म्हणाले, अंकात वसंतरावांवर दोन पानं हवीत, तुम्हीच लिहा. म्हटलं, मी चौथी शिकलेला माणूस, तेही भालकीच्या शाळेत, मास्तर येतील त्या दिवशी. टेम्पो चालवण्यात जन्म गेला. ते म्हणाले, जन्म, शिक्षण, नोकरी एवढं द्या, बाकी आम्ही सजवतो. तुला सजवणार म्हणे. तुझा जन्म आणि नोकरी तुझ्या पोराने, मिलिंदने, तेराव्याच्या कार्डावर छापली आहे, ज्याला हवी त्याने तिथे वाचावी. मी थेट तुलाच लिहितो. चुका निघाल्या तर वर बसून काढ, तुला तोच धंदा होता.

वाचणाऱ्यांसाठी एकदाच सांगून टाकतो. वसंता म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. ती त्याची अक्का, मी त्याचा दाजी. अक्का आमच्या दोघांच्या आधी गेली. मग आम्ही दोन म्हातारे उरलो आणि नानांची गाडी उरली. झालं. आता पुन्हा तुझ्याशी बोलतो.

नानांची गाडी आठवली की मला आधी तुझे नाना आठवतात, आणि मग पाठ दुखते. हैदराबादेत गौलीगुड्यात त्यांचं तेलाचं दुकान. मला त्यांनी भालकीहून आणलं, आधी दुकानाचा टेम्पो दिला, मग मुलगी दिली. पण गाडीच्या स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. "टेम्पोवाल्याचा हात जड असतो," म्हणायचे. काळी, गोल पाठीची गाडी, पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी. पुढे नाना आणि तू, मागे मी आणि तुझी अक्का. जन्मभर गाड्या हाकणारा माणूस सासरच्या गाडीत पार्सलासारखा बसायचा. नानांनंतर तू चालवायला लागलास, तेव्हाही मी मागेच. तुझी अक्का मला कोपराने ढोसून म्हणायची, "अहो, वसंताला हळू चालवायला सांगा." हे वाक्य लक्षात ठेव. पुढे लागणार आहे.

ती गाडी गंजली कशी, यावर आपलं पहिलं मोठं भांडण. तू म्हणायचास मुसी नदीची दमट हवा. मी म्हणायचो दसरा. दर दसऱ्याला नाना बंपरवर नारळ फोडायचे, पाणी बॉनेटवर शिंपडायचे आणि उरलेलं जाळीतून आत ओतायचे, इंजिनाला प्रसाद म्हणून. नानांनंतर तूही तेच केलंस. नारळाचं पाणी पत्र्याच्या सांध्यात जाऊन बसायचं ते पुढच्या दसऱ्यापर्यंत. मी म्हटलं, वसंता, तुझी गाडी पावसाने नाही गंजली, देवाच्या पाण्याने गंजली. तू दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलला नाहीस. दिवाळीला बोललास तेही फराळ वाढताना, आणि एवढंच, "करंज्या आहेत. नको असतील तर ठेवा."

तुझी अक्का गेली आणि तू रोज चार वाजता चहाला यायला लागलास. आधी सणावारी यायचास, तोंड दाखवून जायचास. आता रोज. आल्या आल्या विषय काढायचास. आज गॅस महाग, उद्या निवडणूक, परवा माझ्या बनियनला भोक. रडू द्यायचाच नाहीस मला. सांत्वन करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, खांद्यावर हात ठेवतात आणि घड्याळ बघतात. तू खांद्याला हात लावला नाहीस. उस्मानिया बिस्किट चहात बुडवायचास, ते दर वेळी तुटून कपात पडायचं, आणि ते चमच्याने काढता काढता मला चूक ठरवायचास.

एक दिवस विषय संपले. दोघं गप्प बसलो. ती शांतता मला खायला उठली, तुलाही उठली असणार. मग तू म्हणालास, "दाजी, नानांची गाडी चालू करू."

म्हटलं, "तिच्यात चालू करण्यासारखं काय उरलंय? घुशी राहतात."

"आधी गंज काढू. बालानगरकडे एक कारखाना आहे, लोखंडी कपाटं रंगवायच्या आधी टाकीत बुडवून काढतात. तिथल्या रावांशी बोलून आलो. पूर्ण बॉडी बुडवायची. सांध्यातला, दारातला, जिथे हात पोचत नाही तिथला गंजसुद्धा सुटतो."

"खामखा बुडवायची कशाला? आपण दोघं खरवडू की."

"दाजी, तुमचा हात थरथरतो, माझाही थरथरतो. खरवडायला बसलो तर गाडी राहील आणि एकमेकांची सालं निघतील."

"तुला चहात बिस्किट बुडवता येत नाही, वसंता. गाडी बुडवायला निघालास."

तू हसला नाहीस. म्हणजे मला वाटलं हसला नाहीस. वहिनींनी नंतर सांगितलं, घरी जाऊन पोट धरून हसलास. असं करतात का? माझ्यासमोर हसायला काय झालं होतं?

आपला डेंटर, गाड्यांचा पत्रा ठोकणारा जहांगीरभाई. त्याने गाडी सोलली. काचा, सीटा, इंजिन, रबर, वायरी, सगळं काढून नुसता सांगाडा ठेवला आणि टेम्पोवर चढवला. टेम्पो दुसऱ्याचा, हाकणारा दुसरा. मी शेजारी बसून बालानगरपर्यंत नुसतेच ब्रेक दाबत गेलो. तू मागे सांगाड्याजवळ उभा, दोरी धरून, गणपती विसर्जनाला निघाल्यासारखा.

आणि तिथे तू ते केलंस. खिशातून पुडी काढलीस. राव ओरडेपर्यंत चिमूटभर हळद टाकीत टाकून मोकळा.

"अय्यो, क्या डाले सार आप? अंदर गरम कॉस्टिक है!"

"पूजा," तू म्हणालास.

वाफाळत्या पाण्यावर हळद पडली आणि लालभडक झाली. तू माझा दंड धरलास. राव दोन पावलं मागे सरला. मला खरं कारण कळत होतं, हळदीत चुना घातला की ती लाल होते, आमच्या भालकीत कुंकू तसंच करत, आणि कॉस्टिक चुन्याचाच थोरला भाऊ. पण मी बोलायच्या आत तू म्हणालास, "दाजी, हळदीचं कुंकू झालं. अक्काने केलं."

या एका वेळी मी वाद घातला नाही. नोंद ठेव.

मग कप्पी फिरली, साखळी खडखडली आणि नानांची गाडी खाली गेली. आधी चाकांच्या कमानी, मग दारं, मग ती म्हशीची पाठ. वर बुडबुडे आले. तू रावला विचारलंस, "अंदर दम तो नहीं घुटेगा?" राव माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "मेरा साला है." त्याने मान हलवली. या शब्दाने हैदराबादेत पुष्कळ गोष्टींचा खुलासा होतो.

पहिल्या टाकीत रंग सुटला, दुसरीत तेजाबाने गंज सुटला, मग पाण्याने धुऊन बाहेर आली ती चाळणी. रंगाखाली रंग, त्याखाली पुट्टी, त्याखाली अजून पुट्टी, असं पिढ्यान्पिढ्यांचं लिंपण गळून पडलं होतं. जिथे नारळ फुटायचा तिथे तर एवढं भोक की पलीकडे उभा राहिलेला राव आख्खा दिसत होता. मी तुझ्याकडे पाहिलं. एक शब्द बोललो नाही. न बोलताही माणसाला जिंकता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

जहांगीरभाईने सगळ्या बाजूंनी फिरून पाहिलं आणि म्हणाला, "साब, आप लोगां इत्ते साल गाडी नहीं चला रहे थे. पुट्टी चला रहे थे."

रावने बजावलं, शेवटची एक टाकी असते, तिच्यात बुडवलं की लोखंडावर राखी रंगाचा थर बसतो आणि गंज लवकर धरत नाही. ती टाकी नेमकी साफ करायला काढलेली. "नंगा लोहा है सार. जल्दी प्राइमर मारो, नहीं तो फिर से जंग."

तोवर मी डाव्या बाजूच्या मागच्या मडगार्डपाशी पोचलो होतो. तिथे भोक नव्हतं. तिथे पोचा होता. ओंजळभर खोल, गुळगुळीत, जुना. पुट्टीखाली दडून बसलेला. इतकी वर्षं मी त्या मडगार्डला टेकून उभा राहायचो आणि मला पत्ता नव्हता.

"हा कुठला पोचा?" मी विचारलं.

तू बुटाची नाडी बांधायला वाकलास. तुझ्या पायात सँडल होत्या.

"वसंता."

"अक्काचा," तू खालूनच म्हणालास.

मग सांगितलंस. तू अर्ध्या चड्डीत होतास, अक्काचं लग्न व्हायचं होतं. नाना दुपारचे झोपलेले. अक्का म्हणाली, तू फक्त फाटक उघड, मी हिला गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन आणते. नानांचे पाय बघून बघून शिकली होती म्हणे, मागच्या सीटवरून वाकून.

"तुझ्या अक्काला गाडी येत होती?"

"मागे घेता येत होती," तू म्हणालास. "थांबवता येत नव्हती."

गाडी मागे आली ती थेट पाण्याच्या हौदावर. नाना धोतर सावरत बाहेर. कोणी केलं म्हणून विचारलं, तर तू म्हणालास मी. नानांनी चप्पल काढली.

"तू का मार खाल्लास?"

"तिला मारलं असतं तर तिने जेवण टाकलं असतं. मी मार खाऊनही जेवायचो."

वसंता, तुझी अक्का माझ्याबरोबर जन्म काढून गेली. तिच्या गुडघ्यात कधी कळ येते हे मला ठाऊक. ती कोणत्या शेजारणीशी का बोलत नाही हे ठाऊक. हे ठाऊक नव्हतं. ही बाई, जिने गाडी हौदावर घातली, ती मला कोपराने ढोसून सांगायची, वसंताला हळू चालवायला सांगा. आणि तू पुढे बसून आरशातून तिच्याकडे बघायचास, ते मला आता कळलं. मला वाटायचं मागची गाडी बघतोस.

मी त्या पोच्यात हात ठेवला. लोखंड गार होतं. तिच्या साड्या आपण वाटून टाकल्या. फोटो आहे, पण त्यात ती माझ्याकडे अशी बघते, जशी जिवंतपणी कधी बघत नव्हती, नम्रपणे. हा पोचा मात्र तिचाच होता. कोणाला न विचारता केलेला. मी म्हटलं, "हा ठेवायचा."

तू म्हणालास, "काढायचा."

झालं. सुरू.

टेम्पोत भांडलो. तुझ्या अंगणात पत्र्याखाली विटांचे थर रचून सांगाडा ठेवला, तिथे भांडलो. मी म्हणायचो, तिने आयुष्यात एकदाच गाडी चालवली, त्याची एवढीच खूण आहे. तू म्हणायचास, "खूण कसली? त्याच्यापायी मी चप्पल खाल्ली. रोज उठून तेच बघू का? आणि लोक विचारतील तेव्हा अक्काची फजिती गावाला सांगायची?" मी म्हटलं, फजिती नाही, पराक्रम. तू म्हणालास, पराक्रम असेल तर तुमच्या भिंतीला पाडून घ्या पोचा. जहांगीरभाई हातोडी घेऊन उभा. त्याला एकच हवं होतं. "रखना के निकालना? प्राइमर के पहले बोलो. बाद में बोले तो मैं नक्को."

त्या संध्याकाळी तू चहा न घेता गेलास. दूध ठेवलंय म्हणालास.

सकाळी फोन आला. "दाजी, पोच्याचा मी रात्रभर विचार केला."

"मग?"

"फोनवर नाही. चारला येतो, मग सांगतो."

"आता सांग की."

"चारला," म्हणालास आणि ठेवलास.

मी चहाचं आधण ठेवलं आणि मिलिंदचा फोन आला. तू अंगणात गाडीशेजारी, काढून ठेवलेल्या तिच्या सीटवर बसला होतास. वहिनींना वाटलं डुलकी लागली. पुढच्या सीटवर बसला होतास, हेही मिलिंदने सांगितलं. शेवटपर्यंत मला मागेच ठेवलंस.

काय ठरवलं होतंस रे? रात्रभर विचार करून काय ठरवलं होतंस? माणसं जाताना पैसा, जमीन, भांडीकुंडी कोणाची ते सांगतात. तुला एक शब्द सांगायचा होता, ठेवा किंवा काढा.

तुला पोचवून आलो आणि दुसऱ्या दिवशी अंगणात पाहिलं तर गाडीच्या टपावर पिवळसर झाक. बोट फिरवलं, बोटाला लागली. गंज. त्याला कळलं होतं की तू नाहीस.

मी जहांगीरभाईला फोन करणार, तेवढ्यात तुझ्या काशीकाकूंनी अडवलं. तुमच्या घराण्यात आता त्याच मोठ्या. "सुतकात रंगरंगोटी नाही."

"रंग नाही काकू, प्राइमर."

"ब्रशने लावतात ना? मग रंगच."

"सुतक घराला आहे. गाडीला कसलं?"

"गाडी नानांची. घराण्यातली. तिला दहा दिवस पूर्ण. तुम्ही जावई, तुम्हाला तीन." गुरुजी मध्ये म्हणाले, जावयाला दीड दिवस. काकू म्हणाल्या तीन. म्हणजे माझ्यापेक्षा गाडी तुझ्या जवळची ठरली. तुला आवडलं असतं.

म्हटलं, "काकू, गंजाला सुतक नसतं."

काकूंनी ऐकलं नाही. मी स्वयंपाकघरात गेलो, तेलाचा डबा उचलला आणि अंगणात आणला. उघड्या लोखंडाला तेल चोपडलं की हवा लागत नाही, हे टेम्पोवाल्याला कळतं. फडकं बुडवलं आणि टपापासून सुरुवात केली. काकू मागोमाग.

"सुतकात अंगाला तेल लावत नाहीत."

"गाडीच्या अंगाला?"

"अंग ते अंग."

भेटायला आलेली माणसं दारात थबकली. रडावं की बघावं त्यांना कळेना. तेवढ्यात सुनंदावहिनी बाहेर आल्या. तू गेल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, पाणी घ्या म्हटलं तरी नुसती मान हलवायच्या. त्या गाडीकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लावा दाजी. माझ्या डोक्याला त्यांनी कधी तेल लावलं नाही. जन्मभर हिच्याच बिजागऱ्यांना लावलं. आताच कशाला खंड?"

आधी कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. मग वहिनीच हसल्या, आणि हसता हसता रडल्या, मोकळ्या. काशीकाकूंनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. मग जो येईल त्याच्या हातात मी फडकं दिलं. तुझ्या बँकेतले साहेब, शेजारचे अन्ना, मिलिंदचे हायटेक सिटीतले दोस्त. ती पोरं बाह्या सरसावून दरवाजे चोळत होती आणि इंग्रजीत तुझी चौकशी करत होती. दिवाळीला आधी तेल आणि मग आंघोळ. नानांच्या गाडीचं उलटं झालं. आधी आंघोळ, मग तेल. पण नानांचं दुकान तेलाचंच होतं, त्यांनी समजून घेतलं असेल.

रोज तेल, रोज फडकं. पोच्यात मात्र मी कोणाला हात घालू दिला नाही. तो मी स्वतः पुसायचो आणि तुला विचारायचो, ठेवू की काढू? दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी जहांगीरभाई प्राइमर मारणार होता. त्याच्या आत मला तुझा शब्द हवा होता. माझ्या मनाने ठेवला असता तर तो तुला हरवून ठेवल्यासारखा झाला असता, आणि मेलेल्या माणसाला हरवण्यात मजा नाही. काढला असता तर तुझी अक्का दुसऱ्यांदा गेली असती.

दहाव्याला मुसीच्या काठी गेलो. गुरुजींनी पिंड मांडले. वहिनींनी शेजारी उस्मानिया बिस्किट ठेवलं. हैदराबादेत कबुतरं मागाल तेवढी, कावळा मात्र शोधावा लागतो. कबुतरांचा थवाच उतरला. मिलिंद पंचा फडकवून त्यांना हाकलतोय, गुरुजी मंत्र सोडून "हुश्श हुश्श" करतायत. शेवटी एक कावळा आला. कुंपणावर बसला, पाठ आमच्याकडे करून.

तूच. दुसरं कोण असं बसणार?

मिलिंद हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला मी सांभाळीन." कावळा हलला नाही. "घरी लवकर येत जाईन." कावळ्याने पंख खाजवले. वहिनी म्हणाल्या, "माझी काळजी करू नका." त्याने ऐकलंच नाही. घरातही तसंच होतं, त्या म्हणाल्या.

गुरुजी म्हणाले, "कोणाशी काही बोलणं राहिलं असेल तर बोला." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिलो. मिलिंद जवळ येऊन हळूच म्हणाला, "आतोबा, बोला ना. ऊन वाढलंय."

या सगळ्यावर माझा विश्वास आहे असं नाही. पण पोर घामाघूम, वहिनी सकाळपासून उपाशी. मी पुढे झालो. उभ्या जन्मात जे तुला म्हटलं नाही ते चारचौघांत म्हटलं. "बरं वसंता. तू जिंकलास. काढतो तो पोचा. उद्याच ठोकून काढायला सांगतो."

कावळा उडाला. लोक सुटल्यासारखे "आला, आला" म्हणाले. पण तो पिंडाकडे आला नाही. कुंपण सोडून लांबच्या विजेच्या तारेवर जाऊन बसला. आधीपेक्षा लांब.

माझं डोकं सणकलं. दहा माणसांत हार मानली आणि हा तारेवर. मी ओरडलो, "मग काय करू? ठेवू? ठेवायचाच होता तर भांडलास कशाला, येड्या हौल्या? ठेवतो. असाच ठेवतो, अक्काचा आहे तसा. बस?"

तो सरळ खाली आला. पिंडाला चोच लावली, उस्मानिया उचललं आणि गेला. जाताना ते अर्धं तुटून खाली पडलं.

काशीकाकूंनी डोळे पुसले. गुरुजी हळूच म्हणाले, "पोचा म्हणजे काय हो?"

दुसऱ्या दिवशी जहांगीरभाई आला. गाडीला बोट लावून वास घेतला. "किसने लगाया ये तेल? गाडी है के बिर्यानी की देग?" सगळं तेल थिनरने पुसून काढावं लागलं, त्यात त्याची अर्धी सकाळ गेली आणि त्याच्या शिव्या खाण्यात माझी. मग भोकांना पत्रे जोडले, नारळाच्या जागी नवीन नाक बसवलं. मागच्या मडगार्डपाशी येऊन थांबला. हातोडी त्याच्या हातात होती.

"रखना के निकालना?"

"रखना."

"वसंतसाब तो निकालना बोले थे."

"उनोंच बोले रखना," मी म्हटलं. "कल बोले."

त्याने माझ्याकडे पाहिलं, हातोडी पिशवीत टाकली आणि प्राइमरचा पंप उचलला. आता सगळी गाडी राखी झाली आहे, पोच्यासकट. उन्हात त्यात सावली साचते.

कावळ्याचं काय ते मला माहीत नाही. त्याला उशिरा भूक लागली असेल. पण एक मला कळलं, आणि ते तुला सांगायला हे सगळं लिहिलं. तुला तो पोचा पहिल्या दिवसापासून ठेवायचा होता. ज्याने चप्पल खाऊन तो जपला, तो ठोकून कशाला काढेल? पण तू तिथेच "हो दाजी" म्हणाला असतास तर भांडण संपलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता आपण दोघं गप्प बसलो असतो. ते तू मला होऊ दिलं नाहीस. अक्का गेल्यापासून एक दिवससुद्धा होऊ दिलं नाहीस. याबद्दल तुझ्या तोंडावर कधी काही बोललो नाही. बोललो असतो तर तू म्हणाला असतास, दूध ठेवलंय.

आता रंगाचं. मिलिंद रोज विचारतो, आतोबा, रंग कोणता द्यायचा? तू म्हणायचास काळा, नानांचा होता तो. मी म्हणतो बदामी. वहिनी म्हणतात द्या काळा, त्यांच्या मनासारखं होऊ दे. जहांगीरभाई म्हणतो जो बोलना है बोलो, मेरे कू दूसरा काम है. सगळे थांबलेत.

थांबू देत. मी ठरवलेलं नाही, आणि इतक्यात ठरवणारही नाही. नानांची गाडी राखी अंगाने अंगणात उभी आहे. मी चार वाजता तिथे जातो, खाली ठेवलेल्या मागच्या सीटवर बसतो आणि बदामी कसा चांगला ते तुला सांगतो.

काळा उन्हात तापतो, वसंता. पटत नसेल तर ये आणि सांग.